देणगी वेगळी, व्यवसाय सन्मान वेगळा

रोटरी क्लब, म्हणजे व्यावसायिकांची समाजसेवी संस्था, जे सन्मान देते त्यांबद्दल ‘देणगी द्या, रोटरीचा सत्कार घ्या’ असं काही जण म्हणतात. ते मला पटलं नाही. यात दोन गोष्टींची गल्लत होतेय. पॉल हॅरिस फेलो (रोटरीच्या संस्थापकाच्या नावाची) ही ओळख रोटरी फाउंडेशनला, म्हणजे रोटरीच्या मदतनिधी संस्थेला, १००० डॉलर दिल्याबद्दल असते. ती स्वतःच्या किंवा दुसऱ्या कुणाच्याही नावे घेता येते. व्होकेशनल (व्यवसाय सन्मान) पुरस्कार मात्र माणसाच्या व्यवसायातल्या कामासाठी, आणि तो सभासद नसलेल्यांनाही देतात. १९०५ साली शिकागोत रोटरीची पहिली बैठक भरली तीच मुळी वेगवेगळ्या धंद्यांतल्या चौघांची: वकील, कोळशाचा व्यापारी, खाण अभियंता, शिंपी. आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत भेटायचे, म्हणून नाव रोटरी.

आमच्या गावच्या रोटरी क्लबने एका वर्षी हा पुरस्कार देताना कारखानदारांच्या रांगेत स्मशानभूमीत लाकडं रचणाऱ्या काकांना बसवलं होतं. त्यांनी चपला पायरीपाशीच काढल्या, शाल घेण्याआधी दोन्ही हात सदऱ्याला पुसले. अख्खं सभागृह उभं राहिलं. माझ्या वडिलांची चिता त्यांनीच रचली होती, मला बसून राहवलंच नाही.

माझं एवढंच मागणं आहे, मानपत्रात ‘समाजभूषण’ वगैरे ठोकळ शब्द नकोत. माणसाने नेमकं काय केलं ते लिहा आणि मोठ्याने वाचून दाखवा.