नोकरी सोडून १२ घरांची बिल्डिंग घ्यावी का? (कोलंबस, ओहायो)

एडिसनकर:
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत १४ वर्षं आयटीत आहे, ग्रीन कार्ड मागच्या वर्षी आलं. ले-ऑफच्या धास्तीने जीव मेटाकुटीला आलाय. कोलंबसला १२ घरांची जुनी बिल्डिंग पाहिली. किंमत १२ लाख डॉलर, घरटी भाडं महिना ९५० डॉलर. ब्रोकर म्हणतो खर्च वजा जाता वर्षाला ८४ हजार सुटतात. शिल्लक सव्वातीन लाख आहे. राजीनामा देऊन यातच उतरावं असं वाटतंय. कोणी केलंय का असं?

गच्चीवाला:
राजीनामा थांबवा, आधी हिशोब करू. वर्षाचं भाडं १,३६,८००. सात टक्के घरं रिकामी धरा, उरले १,२७,०००. जुन्या बिल्डिंगला कर, विमा, पाणी, दुरुस्ती, मॅनेजमेंट यांत मी निम्मे जातात असंच धरतो. हातात साडेत्रेसष्ट हजार. नऊ लाखांचं कर्ज पावणेसात टक्क्यांनी, २५ वर्षांवर पसरलेलं, तर हप्ते वर्षाला साडेचौऱ्याहत्तर हजार. म्हणजे ११ हजार खिशातून! ब्रोकरचे ८४ खरे मानले तरी बँका साधारण हप्त्याच्या सव्वापट उत्पन्न मागतात, ते इथे भरत नाही. शिवाय तीन लाख भरल्यावर बॉयलर गेला तर पैसे कुठून आणणार? विकणाऱ्याकडून मागच्या १२ महिन्यांचा जमाखर्च, रेंट रोल (कोणत्या घराचं किती भाडं येतं याची यादी) आणि टॅक्स रिटर्नमधलं शेड्यूल ई (भाड्याचं उत्पन्न-खर्च दाखवणारा फॉर्म) मागा. टाळाटाळ झाली तर सोडून द्या.

कोजागिरी:
चार घरांपर्यंतची इमारत साध्या घरकर्जात बसते, पाचपासून पुढे कमर्शियल. तिथे बहुतेकदा पाच-दहा वर्षांत उरलेली सगळी रक्कम फेडावी लागते, नाहीतर त्या वेळच्या दराने नवं कर्ज. आम्ही तीन घरांची इमारत एफएचए (सरकारी हमीच्या) कर्जावर घेतली, एका घरात स्वतः राहिलो, म्हणून सुरुवातीला किमतीच्या साडेतीन टक्केच भरावे लागले. बँकेने बघितला तो माझा डब्ल्यू-२, म्हणजे नोकरीच्या पगाराचा वार्षिक दाखला. नोकरी सोडलीत की स्वतःच्या धंद्याची दोन वर्षांची रिटर्न्स मागतात. कर्ज हवं असेल तर तुमची नोकरी हीच सगळ्यात मोठी पुंजी आहे, दादा.

जुना भिडू:
२०२१ मध्ये टेक्सासच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्ससाठी ओळखीच्या ग्रुपमध्ये ५० हजार घातले. कर्ज बदलत्या व्याजाचं होतं, ते मी कागदात वाचलंच नव्हतं. मार्च २०२२ ला जवळपास शून्यावर असलेला फेडचा (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा) व्याजदर जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेला, तसं आमचंही व्याज वाढलं. आधी नफ्याचं वाटप थांबलं, मग आणखी पैसे भरा असं पत्र आलं. बायकोला सांगताना फार जड गेलं. व्याज स्थिर आहे का आणि मुदत कधी संपते, हे सहीआधी विचाराच.

एडिसनकर:
कोजागिरीताई, गच्चीवाला, भिडू, मनापासून आभार. ब्रोकरला आजच १२ महिन्यांचा जमाखर्च मागितला. राजीनाम्याचा मसुदा खोडला. एडिसनच्या आसपास दोन-तीन घरांची इमारत बघायला लागतो. ताई, तुमच्या वेळी भाडेकरू आधीपासून होते की नंतर ठेवलेत?

कोजागिरी:
एक कुटुंब आधीपासून होतं, अजूनही आहे. त्यांचा करार आणि डिपॉझिट आमच्या नावावर आलं का, हे क्लोजिंगलाच (खरेदीच्या अंतिम सह्या होताना) पाहिलं होतं. तुम्हीही पाहा.