कोआविल्तेको: एका धर्मपुस्तिकेवरून व्याकरण कसे कळते?

प्रश्न

टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथील जुनी मिशने, म्हणजे स्पॅनिश धर्मप्रचारकांची ठाणी, नुकतीच पाहिली. अठराव्या शतकात तेथे राहिलेल्या बहुतेक आदिवासींना सरसकट ‘कोआविल्तेकन’ म्हणतात आणि त्यांची भाषा नामशेष झाली, एवढेच बहुतेक ठिकाणी वाचायला मिळते. जिचा एकही भाषक उरला नाही आणि जिचे ध्वनिमुद्रण होण्याचा प्रश्नच नव्हता, अशा भाषेच्या व्याकरणाविषयी अभ्यासक इतक्या खात्रीने कशाच्या आधारावर लिहितात? आणि या सगळ्या टोळ्यांची भाषा खरोखर एकच होती का?

प्रतिसाद १

मुख्य आधार एकच आहे आणि तो ८८ पानांचा आहे. बार्तोलोमे गार्सिया या फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी तेथील मिशनमध्ये काम करताना ख्रिस्ती संस्कारविधींची पुस्तिका तयार केली आणि ती १७६० साली मेक्सिकोत छापली गेली. तिच्यात स्पॅनिश आणि आज कोआविल्तेको म्हणून ओळखली जाणारी स्थानिक भाषा शेजारी-शेजारी दिलेली असल्याने वाक्याचा अर्थ आयताच हाताशी येतो. त्याआधी १७३२ मध्ये गाब्रिएल व्हेर्गारा यांनी पाहालात या टोळीच्या बोलीची लहानशी वही लिहिली होती, पण ती छापून यायला १९६५ साल उजाडले.

गार्सियांचा कान तयार असावा, कारण स्पॅनिशमध्ये नसलेले, घसा आवळून काढलेले ध्वनी त्यांनी वेगळ्या खुणेने दाखवले आहेत. पापनिवेदनात, म्हणजे गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात त्यात, पाप किती वेळा घडले हेही विचारावे लागते. त्या निमित्ताने संख्या आपल्यापर्यंत पोहोचल्या: एक म्हणजे ‘पिल’, दोन म्हणजे ‘आख्ते’, तीन म्हणजे ‘आख्ती क पिल’, अर्थात दोन आणि एक. सहासाठी याच तिनापुढे पुन्हा ‘आख्ते’ लावायचे, म्हणजे तीन दुणे सहा.

प्रतिसाद २

व्याकरणातली खरी गंमत कर्माशी आहे. आपण ‘तू पोळी खाल्लीस’ म्हणतो, तेव्हा ‘ली’ पोळीमुळे येते आणि ‘स’ तू-मुळे. दोघांचीही दखल क्रियापदच घेते. कोआविल्तेकोत क्रियापदावर पुरुषाची खूण असतेच, पण कर्त्याचा पुरुष कर्मालासुद्धा चिकटतो. ‘देवावर तुझे प्रेम आहे का?’ या प्रश्नात देवासाठी ‘दिओस तुपोम’ येते, ‘आम्ही देवाला दुखावले’ यात ‘दिओस तुपोन’ येते, आणि कर्ता तृतीय पुरुषी असला की ‘तुपोत’. ‘तुपो’ हा ‘हा’, ‘तो’ यांसारखा दर्शक शब्द. त्याच्या शेवटचे एक व्यंजन कर्ता कोण ते सांगते. भाषाशास्त्रज्ञ रुडॉल्फ ट्रॉइकी यांनी १९८१ साली हे सविस्तर मांडले. शब्दक्रम मात्र आपल्या ओळखीचा आहे: कर्ता, कर्म, क्रियापद.

धागाकर्ता

पण हा मजकूर परक्या पाद्र्याने लिहिलेला आहे. ही रचना त्यांच्याच चुकीतून आली नसेल कशावरून?

प्रतिसाद २ (पुढे)

शंका रास्त आहे. परंतु परकी भाषा बोलताना माणूस चुकतो तो सहसा स्वतःच्या भाषेच्या वळणाने, आणि स्पॅनिशमध्ये असे काही नाही. जे आपल्या भाषेत नाही ते पानोपानी नेमाने पाळणे चुकून होत नसते. माझ्या मते उणीव वेगळीच आहे. पुस्तिकेत पापपुण्याची भाषा पुष्कळ आहे, पण शिकारीला निघालेली माणसे आपसांत काय बोलत, ते तिच्यातून ऐकू येत नाही.

प्रतिसाद ३

दुसऱ्या प्रश्नाविषयी: ‘कोआविल्तेको’ हे नावच मान्युएल ओरोस्को इ बेर्रा यांनी १८६४ मध्ये कोआविला प्रांतावरून दिले. गार्सियांच्या शीर्षकात पाहालात, ओरेहोन, पाकाओ अशा अनेक टोळ्यांची नावे आहेत आणि ही पुस्तिका त्यांच्यासाठी चालत असे. मात्र रिओ ग्रांदे नदीच्या खालच्या टप्प्यातील कोमेक्रुदो आणि कोतोनामे या भाषा वेगळ्या होत्या. त्यांचे शब्द आल्बर्ट गॅट्शेट यांनी १८८६ मध्ये टिपले. भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांनी या सर्वांना होकन नावाच्या मोठ्या भाषाकुळात बसवले होते, पण इव्ज गॉडर्ड यांनी १९७९ मध्ये त्या नात्याचे पुरावे अपुरे असल्याचे दाखवले आणि आता कोआविल्तेको एकाकी, म्हणजे कोणत्याही भाषेशी नाते सिद्ध न झालेली, भाषा मानली जाते. म्हणून ‘कोआविल्तेकन’ हे प्रदेशातील लोकांचे सोयीचे नाव समजावे, एका भाषेचे नव्हे. सॅन अँटोनिओतील वंशजांच्या एका संघटनेने मात्र ते आपलेसे केले आहे. तिचे नाव ‘ताप पिलाम कोआविल्तेकन नेशन’, आणि त्यातील ‘पिलाम’ म्हणजे माणसे.