आर्डबेग ऊगाडाल पहिल्यांदा घेतली, काही कळलंच नाही

काल मित्राने आर्डबेग ऊगाडाल ही स्कॉच व्हिस्की पाजली, ५४.२ टक्के अल्कोहोल आहे हे नंतर बाटलीवर वाचलं. पहिल्याच घोटाला जीभ बधिर, नाकात टिंक्चर आयोडिन आणि विझलेल्या चुलीचा वास. लोकांना यात नक्की काय आवडतं? की मीच चुकीची प्यायलो?

धुरकट: नीट घेतलीस का घशात ओतलीस? चमचाभर साधं पाणी घाल, दोन मिनिटं थांब आणि मग तोंड किंचित उघडं ठेवून वास घे, नाक ग्लासात खुपसलंस तर नुसता अल्कोहोलच लागणार. मग धुरामागून मनुका, कॉफी असलं काहीतरी येतं, ते शेरीच्या (स्पॅनिश वाइन) पिंपांमुळे, त्यात ही व्हिस्की मुरवतात. बर्फ नको हां, वासच मरतो.

एक घोट: तो दवाखान्याचा वास फिनॉलचा, बार्लीचं माल्ट, म्हणजे मोड आणलेली बार्ली, पीटच्या (दलदलीतली जळाऊ माती) धुरावर वाळवतात ना त्यातून येतो. आणि पीपीएमचा (दहा लाख भागांत फिनॉल किती) आकडा बघून घाबरू नकोस, तो बहुतेक वेळा माल्टचा असतो, बाटलीत येईपर्यंत बराच कमी होतो.

मूळ प्रश्नकर्ता: पाणी घालून बघितलं. मनुका सापडल्या राव! आयोडिन आहेच अजून.

धुरकट: ते राहणारच, स्कॉटलंडच्या आयला बेटावरची आहे ती 😄