जळून कोळसा झालेल्या फिनॉलिक सॅम्पलची ताकद मोजायची कशी?

टिळकवाडी_मेक: नमस्कार मंडळी, बेळगावात फायनल इयर मेकॅनिकलला आहे. प्रोजेक्टला रॉकेट नोझलच्या आतलं अ‍ॅब्लेटिव्ह मटेरियल (स्वतः जळत-झिजत उष्णता अडवणारं) घेतलंय, म्हणजे काचेचं कापड अन् फिनॉलिक रेझिन, स्वतः थर लावून प्रेसमधे दाबलेलं. कच्च्या (न जाळलेल्या) सॅम्पलचं टेन्साइल (ओढून तोडायची ताकद) झकास आलं पण मफल फर्नेसमधे ८०० डिग्रीला तासभर ठेवून काढलेलं सॅम्पल यूटीएमच्या (ताकद मोजायच्या मशीनच्या) जबड्यात धरलं की कर्रकन चुरा, काटा हललापण नाही. पाच गेली. सर म्हणतात ताकद शून्य लिही. मन होईना. कुणी केलंय काय असलं?

उद्यमबागकर: शून्य लिहू नको बाळा. मी फाउंड्रीत सॅन्ड लॅब बघतो, आमच्या शेल कोअरमधे (ओतकामातल्या वाळूच्या गाभ्यात) पण फिनॉलिकच असतंय. सॅम्पलची कड पांढरी झालती काय? झाली असली तर कोळसा हवेनं खाल्ला, मागं उरलं ते नुसतं कापड. लोखंडी डबीत सॅम्पलभोवती कोक पावडर ठासून भर, झाकण मातीनं लिंप, गॅसला बारीक भोक ठेव. तापमान हळूहळू चढव, ३०० च्या पुढं रेझिन फुटून गॅस सुटतोय, घाई केलीस तर तोच थर उकलतोय. धूर विषारी, एक्झॉस्टखालीच कर. अन् ४० टनी यूटीएमवर पाच-दहा किलो कुठं दिसणार? कोअर तपासायचं आमचं लहान मशीन आहे, बेंडिंग (वाकवणं), कॉम्प्रेशन (दाबणं) दोन्ही होतंय.

निपाणीकर_कंपोझिट: जबड्यासाठी एपॉक्सीनं पत्र्याचे तुकडे चिकटवू नकोस हं, मी तीच चूक केलेली, जळका तुकडा स्पंजसारखा, एपॉक्सी आत मुरली अन् आकडा एपॉक्सीचाच आला. कॉम्प्रेशन कर, थरांना आडवं अन् उभं दोन्ही. थरांमधलं शिअर (थर एकमेकांवरून सरकवून तोडणं) तर कराच, उड्डाणात गरम वायू वरचा कोळसा घासून अन् सोलून नेतो. ८०० ला साधी काच मऊ पडायच्या बेतात असते म्हणून ६०० चा पण एक सेट कर, नाहीतर सिलिका कापड घे. २०२२ च्या नासाच्या आर्टेमिस-१ चांद्रमोहिमेत ओरायन यानाच्या उष्णता अडवणाऱ्या शील्डचे जळके तुकडे उडाले ते आत गॅस कोंडून भेगा पडल्यामुळं, तेव्हा ताकदीच्या शेजारी भेगांचे फोटो पण लाव. आणि थंड करून मोजलेला आकडा गरमपणीचा नव्हे, हे रिपोर्टात ठळक लिही.

टिळकवाडी_मेक: काका, कड पांढरीच होती, आत्ता परत बघितलो! डबी करून घेतो. शनिवारी सॅम्पल घेऊन येऊ काय?

उद्यमबागकर: ये की. कापसात गुंडाळून डब्यात आण, गाडीच्या डिकीत तसंच टाकलास तर रस्त्यातच टेस्ट होतंय.