वावरात बसून ऑनलाइन काउन्सेलिंग, घरी काय सांगू?

धुऱ्यावरची (ता. दारव्हा)
नमस्कार. वय ३२, दोन लेकरं, घरची सहा एकर कोरडवाहू, एक विहीर. औंदा सोयाबीन पिवळं पडलं, तेव्हापासून माझी झोप उडाली. रात्री धडधड सुरू होते, हातपाय गार पडतात. यवतमाळला ईसीजी काढला, रक्त तपासलं, काहीच निघालं नाही. तिथल्याच डॉक्टरांनी मानसतज्ज्ञांशी बोलायला सांगितलं. पण दर आठवड्याला यवतमाळ जमत नाही. बायांना एसटीचं तिकीट अर्धं आहे, पण दिवस तर पूर्ण मोडतो. म्हणून ऑनलाइन सुरू केलं. मॅडम नागपूरच्या आहेत. चार वेळा बोलणं झालं.

मला फरक वाटतोय, हे आधी सांगते. रात्री जाग आली की किती वाजले आणि तेव्हा मनात काय होतं, ते लिहायला त्यांनी सांगितलं. दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानांवर लिहिते. तिसऱ्या वेळी ती पानं त्यांना वाचून दाखवली, तेव्हा मलाच दिसलं. ज्या आठवड्यात मोटरीची वीज, म्हणजे थ्री फेज लाइन, रात्रीची असते आणि हे हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात जातात, त्याच रात्री धडधड होते. दिवसाच्या लाइनीत मी झोपलेली आहे! मी सगळं सोयाबीनवर टाकत होते. भीती होती ती अंधारात पाण्यात उभ्या असलेल्या माणसाची, सापाची, रानडुकराची.

आता अडचण. घरात दोनच खोल्या. बोलायला मी मोटरीच्या खोलीमागे निंबाखाली जाते, तिथे दोन कांड्या रेंज मिळते. सासूबाईंनी परवा विचारलंच, "घंटाभर कोनासंग बोलून रायली तू वावरात?" मी मैत्रीण म्हणून सांगितलं. खोटं बोलल्याचं फार लागलं. शिवाय मॅडमनी पहिल्याच दिवशी गावाचं नाव, पत्ता आणि घरातल्या एका माणसाचा नंबर मागितला. तो कशाला? आणि त्या खरंच लायसन्सवाल्या आहेत हे कसं बघायचं?

सेलूची ताई
बाई, "मैत्रीण" म्हणू नको, गावात त्याचा भलताच अर्थ निघतो. मी सरळ सांगितलं होतं, "ईसीजीवाल्या डॉक्टरनं झोपेसाठी फोनवरचा इलाज दिला, बुधवारी चार वाजता असतो." यात एक शब्द खोटा नाही. वार आणि वेळ ठरलेली असली की घरचेही त्याला दवाखानाच समजतात. आणि कापूस वेचायला बाया येतात त्या दिवसांत जागा बदल, शेजारच्या तासात कोण वाकलेलं आहे ते दिसत नाही. हेडफोन लावला तरी तुझा आवाज तर बाहेरच असतो.

मानसशास्त्रवाला, अमरावती
क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. त्यांचा सीआरआर नंबर, म्हणजे तिथला नोंदणी क्रमांक, मागा आणि आरसीआयच्या वेबसाइटवर नाव शोधा. मागितला म्हणून कोणी रागावत असेल तर तिथेच थांबा. नुसतं "काउन्सेलर" असेल तर शिक्षण विचारा, ती पाटी कोणीही लावतो. गोळ्या मात्र डॉक्टरच लिहून देऊ शकतात.

पत्ता घेतात तो योग्यच आहे. त्या नागपुरात, तुम्ही वावरात. मध्येच तुमची तब्येत बिघडली तर कोणाला धाडायचं हे त्यांना माहीत हवं. बोललेलं गुप्त ठेवायचं बंधन २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे, जीव धोक्यात असेल किंवा कोर्टाचा आदेश असेल, असे मोजकेच अपवाद. फोन तुटला तर परत कोणी लावायचा तेही ठरवून घ्या. व्हिडिओ अडकतो तिथे साधा कॉल चालतो का विचारा.

आणि भलत्या रात्री फार झालं तर बुधवारची वाट बघू नका. १४४१६, टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, २४ तास, फुकट, मराठीत बोलतात.

धुऱ्यावरची
दोघांचेही मनापासून आभार. नंबर मागितला, मॅडमनी लगेच पाठवला, नाव सापडलं. सासूबाईंना ताईंचंच वाक्य सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मंग घरी सांगाचं नं माय."

यांना मात्र वही दाखवली. त्यांनी सगळी पानं वाचली, काही बोलले नाहीत. काल रात्रीची लाइन होती. मोटर चालू केल्यावर त्यांनी वावरातून फोन लावला, "पोचलो, गमबूट घातले, बॅटरी हाये." दोन तासांनी परत एक. वहीत काल काही लिहिलं नाही.