'लपाछपी'त आपण घाबरतो नक्की कुणाला?

कंदील
'लपाछपी' पाहिला नसेल तर पुढं वाचू नका, कथा फुटेल. विशाल फुरियाचा २०१७चा सिनेमा. गरोदर नेहा (पूजा सावंत) शहर सोडून उसाच्या फडातल्या एकट्या घरात येऊन राहते. तिची उठबस करायला तुळसाबाई (उषा नाईक). मग एक बाई दिसायला लागते, पोरं दिसायला लागतात. सगळा ठरलेला मसाला.

"सामाजिक विषयाला भुताची फोडणी दिलीय" असं अनेकदा ऐकलं. मला ते पटत नाही. भुताचा सिनेमा म्हटलं की भुतापासून पळायचं आणि घरातल्या जाणत्या बाईचं ऐकायचं, एवढं आपल्याला तिकीट काढतानाच माहीत असतं. म्हणून तासभर आपण तुळसाबाईच्या पदराआड उभे असतो. खरा धोका मुलगी नको असलेल्या जिवंत माणसांकडून आहे हे कळतं तेव्हा आपण आधीच चुकीच्या बाजूला जाऊन बसलेले असतो. हाच विषय साध्या कौटुंबिक सिनेमात आला असता तर कुणाचा राग करायचा ते पाचव्या मिनिटाला ठरलं असतं.

आडवळण
पहिला तास मान्य. पण शेवटी काय होतं? सगळं उलगडून सांगतात आणि भीती उतरते. थिएटरात माझ्या शेजारचे काका तेव्हा मोबाइल बघत होते, यातच काय ते आलं.

'तुंबाड' (२०१८) बघा. हस्तर हा त्यातला राक्षस, त्याला धान्याची भूक. पिठाची बाहुली टाकायची आणि तो ती खाईपर्यंत त्याच्या लंगोटातल्या मोहरा काढायच्या. एवढाच नियम. नायक विनायक पोराला तालमीसाठी खाली उतरवतो, बाहुली आणायची नाही असं बजावून. पोरगा लपवून आणतोच. हाव बापाकडून पोराकडे कशी जाते ते त्या एका बाहुलीत दिसलं, कुणाला तोंड उघडावं लागलं नाही.

कंदील
तोंड उघडावं लागलं नाही? 'तुंबाड' सुरूच होतो गांधीजींच्या गरज आणि हाव या वचनाने! :)

आडवळण
हरलो. पण ती पाटी काढून टाका, सिनेमाचं काही बिघडत नाही. 'लपाछपी'चा खुलासा काढून बघा बरं.

मोहरी
दोघांचंही एक राहतंय. आपल्याकडं पोटुशी किंवा बाळंतपणात बाई गेली की तिची हडळ होते, अळवंत होते. माझी आजी सांगायची, अशा बाईला नेताना वाटेवर मोहरी टाकत जायचे. तिनं दाणे वेचत बसावं आणि पहाटेपर्यंत घर गाठू नये म्हणून. लहानपणी मी भिऊन आजीला चिकटायचे. स्वतःच्या बाळंतपणानंतर ही गोष्ट आठवली तेव्हा रडू आलं. जी मेली तिच्यासाठी कुणी काही केलं नाही, आणि मोहरी मात्र तिच्याच वाटेवर! भुताची आपली व्याख्याच अशी, जिच्यावर अन्याय झाला तिलाच भ्यायचं. 'लपाछपी' त्या व्याख्येलाच हात घालतो, म्हणून तो खुलासा मला भाषण वाटत नाही.

आडवळण
मग भुताचे सिनेमे काढणाऱ्या रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'लाही (१९८४) हाच मान द्या. तिथं शाप काय? घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरणार. भांडण राजाचं आणि सामरी नावाच्या सैतानाचं, मरतात बायका. पण त्यात कुणी अर्थ शोधत नाही, कारण वर टाळ्याखाऊ हाणामारी आणि त्रिशूळ. मला तर वाटतं अर्थ आपणच घरून डब्यात घेऊन जातो.

कंदील
डबा नेतोच की. पण 'पुराना मंदिर'मध्ये सामरी संपला की शाप संपला, आपण गार होऊन घरी. बायकाच का मरत होत्या हे पडद्यावर एकालाही विचारावंसं वाटत नाही. 'लपाछपी'त भूत शांत झालं म्हणून काही मिटत नाही. साचा तोच, पण कुलूप कुठं लावलंय त्यावर अर्थ बदलतो.

बांधावरचा
मी उसाच्या पट्ट्यातला. सिनेमातलं मला तेवढंच कळतं, म्हणून तेवढंच बोलतो. वाडा नाही, जंगल नाही, ऊस घेतला हे लई भारी. पुरुषभर उंच उसात चार सऱ्या आत शिरलात की बांध कुठल्या अंगाला तेच कळत नाही. पात हाताला, गालाला कापते, घाम लागला की चरचरतं. वारं नसलं तरी कुठंतरी सळसळ. आणि हे सगळं भर दुपारी! त्या सिनेमात उन्हात भीती वाटते ती खोटी नाही.

ऊस म्हणजे आमच्याकडं पैसा, आणि सात-बाऱ्यावर नाव लागायला पोरगा. २०११च्या जनगणनेत ऊसतोड मजुरांच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या. गर्भलिंग तपासणीवर कायदा तर आपल्या राज्यानं १९८८ला, देशाच्या आधी केलेला. हा आकडा वाचून आमच्या गावात कुणी दचकलं नाही. सिनेमा बघून आल्यावर मात्र आमची आई दोन दिवस फडात एकटी गेली नाही.

आडवळण
भुताच्या भीतीनं की दुसऱ्या?

बांधावरचा
विचारलं होतं. म्हणाली, "बिबट्या फिरतोय म्हणत्यात." बिबट्या तर तेव्हा आमच्याकडं नव्हताच.