फोनवरच्या वॉलेटचं सीड हार्डवेअर वॉलेटमध्ये भरावं का?

अबोली:
बिटकॉइन आणि थोडं इथर सध्या मोबाइल वॉलेटमध्ये आहे. सीड (ज्या शब्दांवरून वॉलेटच्या सगळ्या की पुन्हा तयार होतात ते) १२ शब्दांचं, त्याचा स्क्रीनशॉट फोनच्या गॅलरीत. आता हार्डवेअर वॉलेट, म्हणजे की जपणारं वेगळं उपकरण, घेतलंय. तेच सीड त्यात भरून स्क्रीनशॉट डिलीट केला की पुरेल का? आणि कागदावरचे शब्द सहा-सहा करून दोन ठिकाणी ठेवावेत, असा विचार आहे. शिवाय पासफ्रेज, म्हणजे सीडला जोडायचा स्वतःचा जादा गुप्त मजकूर, लावावी का?

टाकसाळ:
तेच सीड भरू नका. प्रायव्हेट की (जिने सही करून पैसे पाठवता येतात ती गुप्त की) उपकरणाच्या आतच तयार होते आणि कधीच बाहेर येत नाही, यासाठी तर हार्डवेअर वॉलेट घ्यायचं. तुमचं सीड फोनवर तयार झालंय, फोटो बहुधा क्लाउडवरही गेलाय. चोराला उपकरण लागतच नाही, ते १२ शब्द मिळाले की झालं. गॅलरीतले फोटो वाचून सीड शोधणारं स्पार्ककॅट हे मालवेअर २०२५ मध्ये अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींच्या अधिकृत स्टोअरमधल्या ॲप्समध्ये सापडलं होतं. डिलीट केल्याने आधी गेलेली प्रत परत येत नाही.

उपकरणालाच नवं सीड बनवू द्या. खोक्यात शब्द आधीच छापलेलं कार्ड निघालं, तर ते उपकरण वापरूच नका. शब्द हाताने कागदावर लिहा, मग थोडीशी रक्कम पाठवा. आता उपकरण फॅक्टरी रीसेट करून कागदावरून सीड पुन्हा भरा आणि तोच पत्ता उपकरणाच्या पडद्यावर येतो का ते बघा. ही पायरी गाळू नका. सीड 'वैध' दाखवलं म्हणजे ते बरोबर उतरवलंय असं नाही: १२ शब्दांत चेकसम, म्हणजे चूक पकडायचा भाग, फक्त ४ बिटांचा असतो, त्यामुळे सीडच्या ठरलेल्या शब्दयादीतलाच पण चुकीचा शब्द साधारण १६ पैकी एकदा खपून जातो. २४ शब्दांत हेच प्रमाण २५६ पैकी एक.

चाचणी जमली की बाकीचं हलवा. पत्ता उपकरणाच्या पडद्यावर पूर्ण ताडून बघा, जुन्या व्यवहारांच्या यादीतून कॉपी करू नका. पहिली आणि शेवटची अक्षरं जुळणारे बनावट पत्ते त्या यादीत मुद्दाम घुसवले जातात.

गणिती_किडा:
सहा-सहाच्या वाटणीबद्दल. यादीत २०४८ शब्द, म्हणजे प्रत्येक शब्दाचे ११ बिट (एक बिट वाढला की करावे लागणारे अंदाज दुप्पट). सहा शब्द चोराला मिळाले तर उरले ६६, त्यातून चेकसमचे ४ वजा, राहिले ६२ बिट. मूळचे १२८. सुरक्षितता निम्मी झाली असं वाटतं, पण प्रत्यक्षात ती २ च्या ६६व्या घाताइतक्या पटीने घसरली. शिवाय दोनपैकी एक कागद हरवला तरी सगळं गेलं. म्हणजे चोरीचा धोका वाढला आणि हरवण्याचाही.

वाटणीच करायची तर बिटकॉइनसाठी तीनपैकी दोन सह्यांचं मल्टिसिग करा, म्हणजे तीन वेगळी सीड आणि पैसे काढायला त्यातल्या कोणत्याही दोघांची सही. त्यात एक गोष्ट हमखास राहून जाते: प्रत्येक सीडसोबत तिन्ही वॉलेटच्या एक्सपब, म्हणजे सार्वजनिक की, लिहून ठेवाव्या लागतात. दोन सीड हातात आहेत पण तिसऱ्याची एक्सपब नाही, तर पैसे निघत नाहीत. रक्कम बेताची असेल तर एवढा व्याप नको. पूर्ण सीडच्या दोन प्रती, दोन वेगळ्या इमारतींत, त्यातली एक स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर ठोकलेली, एवढं पुरतं. पट्टीवर प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरंच ठोका. इंग्रजी यादीत तेवढ्यावरून शब्द ओळखता येतो.

धुकं:
पासफ्रेज लावायला हरकत नाही, पण 'चुकीची पासफ्रेज' असा संदेश कधीच येत नाही. एक अक्षर किंवा एक स्पेस इकडचं तिकडे झालं की वेगळंच, रिकामं वॉलेट उघडतं. ती फक्त डोक्यात ठेवली आणि तुम्हाला काही झालं, तर घरच्यांना सीडचा काहीच उपयोग नाही. म्हणून तीही लिहा, मात्र सीडच्या जागी नको.

इथरसाठी अजून एक. हार्डवेअर वॉलेट प्रायव्हेट की जपतं, पण चुकीच्या सहीपासून वाचवत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या क्रिप्टो एक्स्चेंजचं सुमारे १५० कोटी डॉलरचं इथर असंच गेलं: सही करणाऱ्यांना संगणकावर नेहमीचा व्यवहार दिसत होता, आणि सही मात्र वॉलेटचं कॉन्ट्रॅक्टच (ते चालवणारा ब्लॉकचेनवरचा प्रोग्रॅम) बदलणाऱ्या व्यवहारावर झाली. उपकरणाच्या पडद्यावर नुसता हॅश (व्यवहाराऐवजी अक्षर-आकड्यांची अगम्य ओळ) दिसत असेल, व्यवहार वाचता येत नसेल, तर नकार द्या. टोकनला अप्रूव्हल, म्हणजे दुसऱ्याला ती काढायची परवानगी, देताना 'अमर्याद' खोडून लागेल तेवढाच आकडा टाका. 'परमिट' सहीला (नुसत्या सहीने दिलेलं अप्रूव्हल) गॅस, म्हणजे व्यवहार शुल्क, लागत नाही म्हणून ती निरुपद्रवी समजू नका, तिनेही टोकन जातात. बचतीचा पत्ता कुठल्याच वेबसाइटला जोडू नका, त्यासाठी थोडी रक्कम असलेलं वेगळं वॉलेट ठेवा.

अबोली:
नवं सीडच बनवते, वाटणी रद्द. सगळं हलवल्यावर जुनं सीड जाळून टाकू का?

टाकसाळ:
नको. जुन्या पत्त्यावर उशिरा कुणी पैसे पाठवले तर ते काढायला तेच लागेल. कागदावर ठेवा आणि वर 'वापर बंद' लिहा. एक्स्चेंजवर पैसे काढण्यासाठी साठवलेला जुना पत्ता मात्र आजच काढून टाका.